एक दिवसाचा ड्रायव्हर: ताम्हिणीने खाली, वरंध्याने वर

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू गाडीचा नाही, हॉटेलचा नाही आणि घाटाचा तर नाहीच, घाटाला स्टार देणारे आपण कोण. हा आहे एका दिवसासाठी ड्रायव्हर पुरवणाऱ्या सर्व्हिसचा, म्हणजे गाडी आपली, पेट्रोल आपलं, फक्त चालवणारा माणूस त्यांचा. पुण्यात आता अशा बऱ्याच कंपन्या झाल्यात. नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे ऑफिसबद्दल चार वाकडे शब्द येणारेत, आणि तसंही यात कंपनीपेक्षा आपल्या वाट्याला माणूस कोण येतो यावरच सगळं असतं.

आमच्या घरी गाडी मी चालवते. नवऱ्याकडे लायसन्स आहे, ते पाकिटात असतं. त्यामुळे पावसाळ्यात, दिवाळीत, पाहुणे आले की, ताम्हिणीला नेणार कोण तर मी, आणि मागच्या सीटवरून "अगं तो बघ धबधबा, तो बघ केवढा!" असं चालू असताना मी काय बघतेय तर पुढच्या एसटीचं मागचं चाक आणि समोरून वळणावर आपल्या लेनमध्ये येणारा कुठलातरी फॉर्च्युनरवाला. इतक्या वेळा जाऊनही मला ताम्हिणीचं डांबर पाठ आहे, डोंगर नाही. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला घाट दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे आणि त्यासाठी तेराशे रुपये खर्च करायला मी तयार होते.

तर यंदा दसरा होऊन गेल्यावर एका मंगळवारी सुट्टी टाकली. वीकडेच का, तर रविवारी मुळशी रोडला जाणं म्हणजे कोथरूडचं ट्रॅफिक सोबत घेऊन फिरायला जाणं. सासऱ्यांची बऱ्याच दिवसांची इच्छा होती की एका घाटाने कोकणात उतरायचं, दुसऱ्याने वर यायचं आणि रात्री जेवायला घरी. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे आमच्या कुठल्याही ट्रिपला धरण लागतंच. यावेळी तीन लागली.

बुकिंग सोपं आहे. ॲपवर गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते टाकायचं, किती तास ते टाकायचं, कुठून निघणार ते टाकायचं. बारा तासांचे १३०० रुपये, पुढे प्रत्येक तासाला १२०, रात्री दहानंतर सोडलं तर त्याचा घरी जायचा खर्च वेगळा, जेवण आपण द्यायचं. मी फोन करून खास विचारलं की आम्ही भोर, महाड वगैरे फिरून त्याच दिवशी परत येणार, तर हे लोकल धरणार की आउटस्टेशन? पलीकडची मुलगी म्हणाली, "सेम डे रिटर्न आहे ना मॅडम, मग लोकलमध्येच बसतं." हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणारे.

आदल्या रात्री एक ड्रायव्हर ॲपवर दिसत होता, साडेदहाला तो गायब आणि दुसऱ्याचं नाव. कुणी फोन नाही, मेसेज नाही. मला वाटलं झालं, सकाळी हाही गायब होणार. पण पावणेसहाला बेल वाजली तर दारात पन्नाशीचे एक काका, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. आपली टू-व्हीलर सोसायटीत कुठे लावू हे आधी वॉचमनला विचारून आलेले. मूळचे भोर साइडचे, हे नंतर कळलं.

किल्ली दिली तर लगेच बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायर दाबून बघितले, डिकी उघडायला लावली आणि म्हणाले, "ताई, स्टेपनीत हवा नाहीये." स्टेपनीत हवा असावी लागते हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पौड रोडच्या पंपावर आधी ती भरली. मग सीट मागे घेतली, आरसे लावले, गाडी हलायच्या आधी दोनतीनदा ब्रेक दाबून बघितला.

आणि मग प्लॅनच बदलला. माझ्या डोक्यात होतं की आधी भोर करायचं, वरंध्याने उतरायचं आणि संध्याकाळी ताम्हिणीने वर यायचं. काका म्हणाले उलटं करा. सकाळी ताम्हिणीने पश्चिमेला उतरताना ऊन पाठीमागे, दुपारी वरंध्याने पूर्वेला चढताना पुन्हा ऊन पाठीमागे, दिवसभर डोळ्यात ऊन जाणार नाही आणि समोरचा डोंगर उजेडात दिसेल. इतकी साधी गोष्ट, पण मला ती सुचली नव्हती. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तेराशेतले निम्मे तिथेच वसूल.

चांदणी चौक आता बरा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात तो जुना पूल पाडला आणि २०२३ मध्ये नवीन सगळं सुरू झालं, तरी कुठल्या रॅम्पला शिरायचं हे अजून पुणेकरांना कळत नाही ते सोडा. भूगाव, पिरंगुट, पौड यावर काही लिहिण्यासारखं नाही, सकाळी लवकर निघालात तर सुटाल, नऊनंतर निघालात तर तुमचं तुम्ही बघा.

मुळशीचं पाणी दिसायला लागलं आणि बाबा सुरू झाले. हे धरण मुळा नदीवर, टाटांचं, विजेसाठी बांधलेलं, आणि त्यात गावं आणि शेतं बुडणार म्हणून १९२१ ला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, पुढारी पांडुरंग महादेव बापट, ज्यांना सेनापती हे नाव इथूनच चिकटलं. एवढं मला शाळेपासून माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं की मुळा खरं तर पुण्याकडे वाहते पण हे अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून कड्याखाली भिऱ्याच्या पॉवर हाउसवर सोडतात, १९२७ पासून, आणि वीज करून झाली की ते कुंडलिका नदीत जातं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ते या सोडलेल्या पाण्यावर! म्हणजे आपण घाट उतरतोय आणि शेजारी डोंगराच्या आतून ते पाणीपण उतरतंय. हे सगळं मी मान वळवून, बाबांच्या तोंडाकडे बघून ऐकू शकले. स्टिअरिंगवर असते तर "हो हो" म्हणत गेले असते.

आता मुख्य मुद्दा, चालवणं. आमच्या चिरंजीवांना घाटात उलटी होते, वय वर्षं सात, आणि घरात घाटाची मोजपट्टी तीच आहे: पिशवी किती वळणांनंतर लागली. मी चालवते तेव्हा साधारण डोंगरवाडीच्या आसपास लागते. सासूबाई आवळा सुपारी आणि दोन पिशव्या मांडीवर घेऊन तयारीतच बसलेल्या. डोंगरवाडी आली, गेली, पोरगं खिडकीतून माकडं मोजतंय. पिशवी तशीच परत घरी आली.

कसं, तर मी नीट बघत होते. काका उतारावर गाडी सेकंडला टाकायचे, कुठे फार सरळ असेल तर थर्ड, आणि इंजिनच गाडीला धरून ठेवायचं, पाय ब्रेकवर फक्त वळणाच्या तोंडाशी, तोही वळण सुरू व्हायच्या आधी, वळणात अजिबात नाही. त्यामुळे मान पुढे जाणं, मागे येणं, तो झटका, काहीच नाही. आंधळ्या वळणाला एक छोटा हॉर्न. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, आणि फोन वाजला तर उचलला नाही, घाटाखालच्या विळे गावात गाडी थांबवून मग घरी फोन लावला. मी विचारलं न्यूट्रलवर सोडत नाही का कधी पेट्रोल वाचवायला, तर असे हसले की मी पुढे काही बोललेच नाही.

विळ्याला उतरल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाले चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसता न्या. रिम कोमट. वासही नाही. शेजारी एक नवीकोरी एसयूव्ही थांबली होती, तिच्या चाकातून तो जळका रबरासारखा वास येत होता आणि मालक बोनेट उघडून इंजिनात काय झालंय ते शोधत होता. काकांनी जाऊन त्यांना शांतपणे सांगितलं की साहेब इंजिन नाही, ब्रेक तापलेत, अर्धा तास थांबा, पाणी मारू नका. सतत ब्रेक दाबत उतरलं की ते इतके तापतात की मग दाबले तरी धरत नाहीत, घाटात "ब्रेक फेल" म्हणतात त्यात हा प्रकार बऱ्याचदा असतो. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कुणी शिकवलं नाही, तिथे आम्हाला आठचा आकडा काढायला शिकवला.

आणि डोंगर? डोंगराबद्दल काय लिहू. ऑक्टोबरात धबधबे बारीक झालेले असतात, काळ्या दगडावर एक पांढरी रेघ, पण त्यामुळेच दगड दिसतो, थरावर थर रचलेला. रस्त्यासाठी फोडलेल्या भिंतीवर सगळीकडे सोनकीची पिवळी रानफुलं, आणि मी ती इतक्या जवळून बघितली की काच खाली करून एका वळणावर हाताला लागली. रानात गवत पोपटी रंगातून पिवळ्याकडे जायला लागलेलं. गर्दी नाही, रील काढणारे नाहीत, रस्त्यात गाडी उभी करून स्पीकर लावणारे नाहीत. जुलै-ऑगस्टला जाणाऱ्यांना माझा विरोध नाही पण तेव्हा तुम्ही ढगात गाडी चालवत असता आणि बघता ते म्हणजे वायपर.

विळ्याहून निजामपूरमार्गे माणगाव. हवा एकदम बदलते, अंगाला चिकचिक, दोन्हीकडे भात कापणी चाललेली, पेंढ्या बांधून ठेवलेल्या. माणगावला मुंबई-गोवा हायवे लागतो, त्यावर मी काही बोलत नाही, महाराष्ट्रात बोलून झालंय सगळ्यांचं.

महाडला चवदार तळ्यावर थांबलो. हे काकांनीच विचारलं, "ताई, दहा मिनिटं तळ्यावर चालेल का, मी दर खेपेला जातो." २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी घेतलं ती जागा, बाजाराच्या इतकी जवळ आहे की रिक्षांचे हॉर्न तिथपर्यंत येतात. मुलाने विचारलं की पाणी प्यायला परवानगी कशाला लागते. त्याला उत्तर सासूबाईंनी दिलं, चांगलं दिलं, अर्धा तास गेला, गेला तर गेला.

जेवण तिथेच एका खानावळीत, सुरमईची थाळी, सोलकढी, शाकाहारी थाळीत बिरड्याची उसळ होती म्हणून सासूबाई खूश. काका नेहमीसारखे वेगळ्या टेबलाकडे वळले तर सासूबाईंनी हाक मारून बोलावलं, "अहो इकडे या, आमच्यातच बसा." बसले पण निम्मंच जेवले. म्हणाले पोटभर जेवून घाट चढला की झोप येते, भात घरी गेल्यावर.

वरंधा हा ताम्हिणीपेक्षा मला जास्त आवडला, आणि याचं कारण अर्धं घाट आणि अर्धं ऊन. बिरवाडी मागे पडली की रस्ता गावागावांतून जातो, माझेरीपासून चढ सुरू. इथे रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी दरीकडच्या भिंती नव्या बांधल्यात, काही ठिकाणी नुसती माती. पावसाळ्यात दरडी येतात म्हणून प्रशासन हा घाट बंद ठेवतं, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच, त्यामुळे जून ते सप्टेंबर चौकशी केल्याशिवाय इकडे फिरकू नका.

एका वळणावर वरून एक मोठी गाडी दणादण आली. आम्ही चढत होतो आणि घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची हा नियमच आहे, पण तो पठ्ठ्या दिवे मारत उभा. काकांनी काही न बोलता गाडी पंधरा-वीस फूट मागे घेतली, चढावर, रिव्हर्सला, हँडब्रेक सोडत-धरत, आणि त्याला जाऊ दिलं. मी चिडून म्हटलं, काका नियम आपल्या बाजूने होता. म्हणाले, "हो ना ताई, नियम आपल्या बाजूने होता आणि दरी पण आपल्याच बाजूने होती."

वाघजाईला थांबायचंच. देवीचं देऊळ, टपऱ्या, कढया, आणि खाली अख्खी शिवथरची दरी उघडी, समर्थांची घळ त्याच खोऱ्यात. हा घाटरस्ता कावळ्या किल्ल्याला मधोमध कापून काढलाय, म्हणजे आपण भजी खातो ते एका किल्ल्याच्या अंगणात. भजी कशी करतात ते मी उभी राहून बघितलं: कांदा लांब आणि पातळ चिरलेला, मीठ लावून हाताने कुस्करून ठेवलेला, त्याला जेवढं पाणी सुटेल तेवढ्यातच बेसन, वरून पाण्याचा थेंब नाही. म्हणून ती वेडीवाकडी आणि कुरकुरीत होतात, गोळे होत नाहीत. सोबत तळून मीठ लावलेल्या मिरच्या. पहिली प्लेट आम्ही खाल्ली, दुसरीतली अर्धी माकडाने, तिसरी गाडीत बसून. तिथे मी कठड्याला टेकून जी उभी राहिले ती सासूबाईंनी दोनदा हाक मारेपर्यंत, कारण मागून ऊन आणि समोरचा प्रत्येक कडा, प्रत्येक घळ वेगळी दिसत होती.

वर आलं की घाट संपतो आणि हिर्डोशीपासून नीरा-देवघरचं पाणी सुरू होतं, रस्ता कितीतरी वेळ त्याच्या कडेकडेने जातो. बाबांचं दुसरं धरण. आणि भोरजवळ तिसरं, भाटघर, वेळवंडी नदीवरचं, इंग्रजांच्या काळातलं लॉइड डॅम. या दोन्हींचं पाणी खाली वीर धरणात आणि तिथून कालव्यांनी बारामती, फलटणकडे, उसाला. बाबा म्हणाले बघ, सकाळचं पाणी विजेसाठी कोकणात पाडलं, हे साखरेसाठी देशावर नेलं, डोंगरात पाऊस पडतो पण डोंगरातल्या माणसाला मार्चमध्ये टँकर. काका आरशात बघून "बरोबर" एवढंच म्हणाले, त्यांचं गाव त्यातलंच.

भोरला राजवाडा बाहेरूनच बघितला, नीरेचं ते वळण, ज्याला हल्ली नेकलेस पॉइंट म्हणतात, तिथे फोटो, कापूरहोळला हायवे, खेड शिवापूरचा टोल, आणि नवले पुलाला आपलं पुणं. घरी साडेसात.

आता ऑफिस. काकांनी ॲपवर ट्रिप बंद केली तर बिल आलं २१५० रुपये. दीड तास जास्त झाला होता तो मान्य, दोन तासांचे धरले तेही मान्य, तरी १५४० व्हायला हवे होते. फोन केला तर म्हणे मॅडम पुणे हद्दीबाहेर गेलात तर आउटस्टेशन लागतं. मी म्हटलं तुमच्याच मुलीने मला लोकल सांगितलं, तर म्हणे कॉल रेकॉर्ड चेक करून सांगतो. तीन फोन, दोन मेल, आठवड्याने त्यातले ४०० परत आले, उरलेले का नाही याचं उत्तर आजतागायत नाही. त्यातून त्या रात्रीच काकांना ऑफिसचा फोन, कस्टमरकडून फाइव्ह स्टार घ्या म्हणून. त्या माणसाला माझ्यासमोर संकोच वाटत होता. मी विचारलं यातले तुम्हाला किती मिळतात, त्यांनी जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही कारण त्यांना त्रास नको, पण टिप देताना मी हात आखडता घेतला नाही.

अजून एक. गाडीला काही झालं तर जबाबदार कोण, हे ॲपच्या अटींमध्ये शोधा, मला सापडायला वेळ लागला आणि सापडलं ते एवढंच की कंपनी "मध्यस्थ" आहे. म्हणजे तुमचा इन्शुरन्स आणि तुमचं नशीब. आपली पॉलिसी चालू आहे ना आणि दुसऱ्याने चालवलेली चालते ना, हे आपल्या एजंटला आधी विचारून घ्या.

स्टार द्यायचेच तर काकांना पाच, ऑफिसला दोन, आणि तेही दोन बुकिंग सोपं आहे म्हणून. परत घेणार का? घेणार, नाताळात माळशेजला जायचं चाललंय. फक्त लोकल की आउटस्टेशन हे फोनवर न ऐकता मेसेजवर लिहून घेणार, आणि ड्रायव्हर आदल्या रात्री बदलला तर नवीन माणसाशी स्वतः फोनवर बोलणार, घाटात किती वर्षं चालवलीय एवढं विचारायला पाच मिनिटं लागत नाहीत. आणि हो, वाघजाईला रेंज येते-जाते, यूपीआयच्या भरवशावर भजी खाऊ नका, सुट्टे पैसे ठेवा.